निरोगी माणसाच्या आतड्यात

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी परदेशप्रवासाला निघालेल्या सुमारे दोन हजार माणसांना एक विनंती केली. निघण्याआधी शौचाचा एक नमुना द्या, परतल्याबरोबर एक द्या आणि पुढे वर्षभर अधूनमधून देत राहा. ही माणसं आजारी नव्हती. कुणी सुट्टीसाठी निघालं होतं, कुणी कामासाठी. २०१७ साली या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये छापून आले. निघताना ज्यांच्या आतड्यात ईएसबीएल बनवणारे, म्हणजे काही महत्त्वाच्या अँटिबायोटिकना दाद न देणारे, जिवाणू नव्हते, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांमध्ये हे प्रमाण ७५ टक्के होतं. म्हणजे आपल्या भागात येऊन गेलेल्या दर चार पाहुण्यांपैकी तिघं.

असे आकडे प्रसिद्ध झाले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक रागाची: आमच्या देशाची बदनामी चालली आहे. दुसरी हताशपणाची: आपल्याकडे हे असंच चालायचं. या दोन्हींच्या गडबडीत त्या आकड्यांतला आपल्यासाठीचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. पाहुण्याच्या पोटात काही आठवड्यांत जे शिरतं, ते इथे जन्मलेल्या, इथलं पाणी पिणाऱ्या, इथल्या शाळेत डबा खाणाऱ्या माणसाच्या पोटात कधीपासून असेल? आणि ते असूनही तो धडधाकट हिंडतो आहे, याचा अर्थ काय लावायचा?

हे पुस्तक या प्रश्नाभोवती लिहिलेलं आहे. ते सर्वसाधारण वाचकासाठी आहेच, पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीन माणसं होती: तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर, घरोघरी जाणारी आशा ताई आणि नगरपालिकेत निवडून आलेला सदस्य. तिसऱ्याचं नाव इथे का यावं, हे पुढे कळेल.

आधी थोडी ओळख. ई. कोलाय हा जिवाणू आपल्या आतड्याचा जुना रहिवासी. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच तो त्याच्या पोटात मुक्कामाला येतो आणि बहुतेकांच्या आयुष्यात काहीही त्रास न देता राहतो. सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफोटॅक्झिम ही औषधं आता घराघरांत माहीत झाली आहेत. निदान पहिलं नाव तरी. काही ई. कोलाय असं एक विकर तयार करतात की ते या औषधांच्या रेणूतलं नेमकं कळीचं कडं तोडून टाकतं. या विकराला थोडक्यात ईएसबीएल म्हणतात. ज्याच्या आतड्यात असे जिवाणू आहेत तो वाहक. त्याला ताप नसतो, जुलाब नसतात, अशक्तपणा नसतो. त्याला कुठलंही औषध द्यायची गरज नसते, आणि देऊही नये.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं ते सांगायला हवं, कारण एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही. शौचाचा किंवा लघवीचा नमुना आधी मॅक्कॉन्की अगारच्या प्लेटवर पसरतात. दुसऱ्या दिवशी ई. कोलायच्या गुलाबी वसाहती उगवलेल्या असतात. त्यातली एक उचलून पाण्यात कालवायची आणि फिकट पिवळसर म्युलर-हिंटन अगारवर कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखी फिरवायची. त्यावर औषध भिजवलेल्या कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकलीचं औषध वेगळं. प्लेट रात्रभर उबवणयंत्रात. सकाळी सगळ्या पृष्ठभागावर जिवाणूंची धुरकट साय आलेली असते, आणि जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहिलेला असतो. तो पट्टीने मोजायचा. सेफोटॅक्झिमच्या टिकलीभोवती गोल लहानसाच उरला, की संशय येतो. त्या टिकलीपासून वीसेक मिलिमीटरवर अमॉक्सिक्लॅव्हची टिकली ठेवलेली असली तर खरा प्रकार उघडा पडतो. सेफोटॅक्झिमभोवतीची मोकळी जागा गोल राहत नाही; ती अमॉक्सिक्लॅव्हच्या बाजूला ओढल्यासारखी फुगते. कारण अमॉक्सिक्लॅव्हमधलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला निकामी करतं, आणि जिथे ते झिरपलं आहे तेवढ्या पट्ट्यात सेफोटॅक्झिमला पुन्हा बळ येतं. जिवाणू औषध तोडतो कसा आणि त्याला अडवता येतं कुठे, हे दोन्ही त्या एका आकारात दिसतं.

हा आकार दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या नमुन्यात दिसला तर नवल वाटत नाही. पण निरोगी माणसांचं काय? चंदीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी जवळच्या निमशहरी वस्तीतल्या सुमारे दोनशे निरोगी माणसांचे नमुने तपासले. ही माणसं निदान महिनाभर दवाखान्यात दाखल झालेली नव्हती, त्यांनी अँटिबायोटिकही घेतलेलं नव्हतं. तरी साधारण दर तिघांपैकी दोघांकडे कुठल्या ना कुठल्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू सापडले, आणि त्यात सेफॅलोस्पोरिन गटाला, म्हणजे वर आलेल्या सेफिक्झिम-सेफोटॅक्झिमच्या गटाला, दाद न देणारे सर्वांत जास्त होते. २०१९ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये हे छापलं गेलं. दोनशे माणसांवरून देश मोजता येत नाही. पण ज्यांनी गोळी घेतली नाही त्यांच्या पोटातही हे जिवाणू आहेत, एवढं कळायला दोनशे माणसं पुरतात.

इथे एक प्रचलित समजूत मोडते. 'कोर्स अर्धवट सोडू नका', 'स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका' हे सगळं खरं आहे आणि सांगत राहायला हवं. पण त्यातून असा ग्रह झाला आहे की जो बेफिकिरीने गोळ्या घेतो त्याचंच शरीर औषधांना 'सरावतं' आणि तोच भोगतो. औषधाला सरावतो तो जिवाणू. आणि जिवाणू एका शरीरात राहत नाही.

तो कसा फिरतो, त्याची कथा या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सविस्तर येते. इथे तिच्या तीन-चार खुणा दाखवतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जिवाणू एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही, थेट जाऊ शकतो. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा सुटा तुकडा ही ने-आण करतो. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या नाओमी दत्ता यांनी १९६२ साली साल्मोनेलाच्या एका साथीत हेच दाखवून दिलं. पुढे त्यांनी केलेलं एक काम मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. मरी नावाच्या एका जिवाणुशास्त्रज्ञाने १९१७ पासून जगभरातून जमवलेले शेकडो जिवाणू कुप्यांमध्ये जपून ठेवलेले होते. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते उघडून तपासले. प्लाझ्मिड तेव्हाही होते, आजच्याइतकेच सर्रास. पण त्यांच्यावर आज दिसतात तशी औषधप्रतिकाराची जनुकं नव्हती. वाहतुकीची सोय निसर्गात आधीपासून होती. तिच्यावर हा माल चढला तो अँटिबायोटिक्स वापरात आल्यानंतरच्या काही दशकांत.

माल मात्र फार जुना आहे. आपण ज्याला सीटीएक्स-एम म्हणतो ते ईएसबीएलचं जनुक मुळात क्लुइव्हेरा नावाच्या, सहसा कुणाला आजारी न पाडणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रात होतं. तिथून ते प्लाझ्मिडवर आलं. १९८९ साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्याचा पंधरा क्रमांकाचा प्रकार १९९९ साली दिल्लीतल्या नमुन्यांत सापडला आणि पुढे तो जगभर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांत जाऊन बसला. २०१५ साली व्हेनेझुएलाच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या एका पाड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क नव्हता, अँटिबायोटिक त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याही आतड्यात प्रतिकाराची जनुकं होती. ती निपचित होती, कमी होती, पण होती. म्हणून 'प्रतिकार मुळापासून नष्ट करू' अशा घोषणा जेव्हा केल्या जातात तेव्हा मला त्या पटत नाहीत. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण वाढवणं-घटवणं माणसाच्या हातात आहे.

वाहकाला त्रास नाही, मग काळजी कशाची? बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा म्हटलं आहे, कारण भीती पसरवून काही साधत नाही. पण आतड्यातला जिवाणू जागा सोडून भलतीकडे गेला तर गोष्ट बदलते. बायकांच्या लघवीच्या संसर्गाचं मुख्य कारण त्यांच्याच आतड्यातला ई. कोलाय. पूर्वी तो तोंडावाटे घ्यायच्या साध्या गोळीने बरा व्हायचा. आता कल्चरच्या रिपोर्टवर 'आर', 'आर', 'आर' (औषध लागू नाही) अशी रांग लागते आणि दोन-तीन औषधांपुढेच 'एस' (औषध लागू) उरतो. कित्येकदा डॉक्टरला इंजेक्शनवर जावं लागतं, म्हणजे घरच्या बाईने दिवसभर दवाखान्यात बसायचं, रोज बुडवायचा. गुदद्वारातून सुई घालून प्रोस्टेटची बायोप्सी करतात तेव्हा आधी सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायची पद्धत होती. ज्याच्या आतड्यात त्याला न जुमानणारे जिवाणू आहेत त्याच्या रक्तात ते सुईबरोबर शिरू शकतात, आणि तपासणीसाठी चालत आलेला माणूस दोन दिवसांत अतिदक्षता विभागात पोचू शकतो. म्हणूनच अनेक ठिकाणी आता ही सुई बाहेरच्या त्वचेतून घालतात.

सर्वांत दुखरी जागा नवजात बाळांची. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथे नवजातांच्या जंतुसंसर्गांपैकी निम्म्याहून जास्त जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच झालेले होते, आणि त्यातले बरेच जिवाणू एकाहून अधिक औषधगटांना दाद न देणारे होते. तीन दिवसांच्या बाळाने कुठला कोर्स अर्धवट सोडला असेल? त्याला हे जिवाणू प्रसूतिगृहातून मिळाले, किंवा आईकडून, आणि आईला तिच्या भोवतालातून. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधप्रतिकारामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार आहे, भारतातला जवळपास तीन लाख.

म्हणून या पुस्तकात वाहकाला कुठेही दोषी म्हटलेलं नाही. डच प्रवाशांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली: परतल्यावर निम्म्या लोकांच्या आतड्यातून हे जिवाणू महिन्याभरातच निघून गेले, वर्षाअखेर ११ टक्क्यांकडे उरले. औषधाशिवाय, आपोआप. मग आपल्याकडे ते टिकतात कसे? लाओसच्या राजधानीत तीन आठवडे राहिलेल्या वीस युरोपीय पाहुण्यांचे रोजच्या रोज नमुने घेतले गेले, त्यातून याचं उत्तर मिळतं. सगळ्यांच्या पोटात हे जिवाणू कधी ना कधी शिरले. पण ते येत होते, जात होते, नवे येत होते. वीस माणसांत मिळून ८३ वेगवेगळे वाण सापडले. एकदा चिकटला आणि कायमचा राहिला असं नव्हतं. भोवतालातून रोज नवी भर पडत होती. आपलंही तेच होत असणार, असं मला ठामपणे वाटतं. पोट स्वच्छ व्हायला तयार असतं; पाणी, हात, भाजी, गटार त्याला स्वच्छ राहू देत नाहीत.

नगरपालिकेचा सदस्य आठवला तो इथे. आपल्या कित्येक शहरांचं सांडपाणी पूर्ण प्रक्रिया न होताच नदीत जातं. सेप्टिक टँक उपसणारा टँकर अंधारात गावाबाहेरच्या नाल्यात रिकामा होतो, त्याच नाल्यावर पुढे मेथी-पालकाचे वाफे असतात. ऋषिकेश-हरिद्वारच्या गंगेत यात्रेच्या हंगामात एनडीएम-१ या जनुकाचं प्रमाण इतर काळापेक्षा वीस पटींच्या आसपास वाढलेलं आढळलं, असं २०१४ मधला एक अभ्यास सांगतो. एनडीएम-१ म्हणजे कार्बापेनेम या राखीव औषधांनाही निकामी करणारं विकर घडवणारं जनुक. त्याच्या नावात 'नवी दिल्ली' आहे म्हणून २०१० साली संसदेपर्यंत गदारोळ झाला. त्याच्या काही महिने आधी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात शांतपणे लिहून ठेवलं होतं की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये हे विकर आहे. त्या लेखावर तेवढी चर्चा झाली असती तर वर्षं वाचली असती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दिल्लीत नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडलं. दवाखान्याच्या भिंती त्याने तेव्हाच ओलांडल्या होत्या.

अनेक देशांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१८ साली आला. ज्या देशांत पाणी, मलनिस्सारण आणि कारभार बरा, तिथे प्रतिकार कमी. आणि हा संबंध अँटिबायोटिकच्या खपाशी असलेल्या संबंधापेक्षा ठळक होता. २०२३ मध्ये २६ देशांतल्या माणसांच्या आतड्यातल्या जनुकांवरूनही तसंच चित्र निघालं. मात्र यावरून नळाला क्लोरिन टाकलं की काम झालं असं समजू नये. बांगलादेशात मुलांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरिन घालून पाहिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या प्रतिकाराच्या जनुकांवर फारसा परिणाम दिसला नाही. तोंडापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक आहेत, एक बंद करून भागत नाही. गटार, शौचालय, बाजारातलं मांस, प्रसूतिगृहातले हात हे सगळं एकत्र धरावं लागतं. त्याला पैसा आणि दहा-वीस वर्षांचा धीर लागतो, आणि मेडिकल दुकानदाराला दम देण्याइतकं ते सोपं नाही.

औषधावर बंधनं घालताना दुसऱ्या बाजूचं भान सुटू नये, यासाठी एक पूर्ण प्रकरण गडचिरोलीवर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली की त्या घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्झॅझोल देत. इतर काळजीसह केलेल्या या उपचाराने नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पुण्या-मुंबईत बसून 'अँटिबायोटिक कमी करा' म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. आफ्रिकेत नायजर, मलावी आणि टांझानिया या देशांत लहान मुलांना वर्षातून दोनदा ॲझिथ्रोमायसिन दिल्यावर मृत्यू सरासरी १३.५ टक्क्यांनी कमी झाले. नायजरमध्ये असं औषध दिलेल्या मुलांच्या आतड्यात त्या औषधाच्या प्रतिकाराची जनुकं काही पटींनी वाढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यात सोपं उत्तर आहे असा आव या पुस्तकाने आणलेला नाही. माझं मत विचाराल तर, मरणाऱ्या बाळासाठी औषध आधी आणि सर्दी-खोकल्यासाठी औषध कधीच नाही, एवढी रेघ आज आखता येते आणि ती आखायलाच हवी.

आता एक दिलाशाची गोष्ट. कोलिस्टिन हे हाताशी उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी एक. चीनमध्ये ते डुकरं-कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून सर्रास दिलं जात असे. २०१५ साली तिथे त्याला निष्प्रभ करणारं, प्लाझ्मिडवरून फिरणारं जनुक सापडलं. २०१७ च्या एप्रिलअखेर चीनने खाद्यातला तो वापर बंद केला. २०१६ मध्ये तिथल्या १४.३ टक्के निरोगी माणसांच्या आतड्यात हे जनुक असलेले ई. कोलाय होते, २०१९ मध्ये ६.३ टक्के. त्या माणसांना कुणी कोर्स पूर्ण करायला सांगितलं नव्हतं, कुणी उपचार केले नव्हते. वरच्या बाजूचा झरा अडवला आणि पोटं आपोआप निवळली. भारतानेही २०१९ च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली आहे. तिचा परिणाम आपल्या गावातल्या माणसांवर किती झाला हे बघायचं तर आधी मोजायला हवं.

मोजण्याची पद्धत तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'ट्रायसायकल' नावाने एक साधी रीत घालून दिली आहे: ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय हा एकच जिवाणू धरायचा आणि तो माणसांत, बाजारातल्या कोंबड्यांत आणि सांडपाण्यात एकाच वेळी शोधायचा. माणसांत शोधताना निरोगी गर्भवतींचे नमुनेही घेतात. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. वर सांगितलेल्या गुलाबी वसाहती ओळखू शकणारी कुठलीही जिल्हा प्रयोगशाळा हे काम करू शकते. राज्याने निदान काही जिल्ह्यांत दरवर्षी हे करावं आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत, ही मागणी शेवटच्या प्रकरणात तपशिलाने मांडली आहे. किती नमुने, किती माणसं, किती खर्च, यासह.

वाचनाच्या सोयीसाठी एक सूचना. क्षयाच्या औषधप्रतिकाराची वाट निराळी आहे, त्यामुळे तो विषय इथे घेतलेला नाही. ज्यांना जनुकं आणि विकरं यांचा कंटाळा येतो त्यांनी दुसरा भाग खुशाल नंतर वाचावा. डॉक्टर वाचकांनी मात्र सातवं प्रकरण आधी उघडावं. लघवीच्या संसर्गाने आलेल्या बाईला किंवा बायोप्सीसाठी पाठवायच्या पुरुषाला कोणते चार प्रश्न विचारायचे, ते त्यात आहेत: गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतली, दवाखान्यात दाखल झाला होता का, घरात कुणी दाखल होतं का, आणि आधीचा कल्चरचा रिपोर्ट घरी कुठे ठेवलेला आहे का.